'गेल्यावर पाहू' म्हणणाऱ्यांसाठी

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. आज लिहूनच टाकते, म्हणजे निदान घरातल्यांना तरी माझं व्याख्यान पुन्हा ऐकावं लागणार नाही.

विषय आहे बिऱ्हाड हलवण्याचा. आमच्या गोंदियातून अशी बिऱ्हाडं सतत निघत असतात. कुणी नागपूरला, कुणी रायपूरला, आणि हल्ली तर उठसूट पुण्याला. कुणाची बदली, कुणाची नवी नोकरी, कुणाला मुलांचं शिक्षण. कारणं वेगवेगळी, पण निघताना प्रत्येक घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गेल्यावर पाहू." (पुण्याकडे 'बघू' म्हणतात, आमच्याकडे 'पाहू'. अर्थ एकच, की आत्ता काहीच पाहायचं नाही.)

गॅसचं काय? गेल्यावर पाहू. मुलाच्या शाळेचं? गेल्यावर पाहू. आईचं काय करायचं? अरे, पाहू ना गेल्यावर, आत्तापासून कशाला डोक्याला ताप!

हे वाक्य बोलणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकाने बघतात. किती बिनधास्त, किती मोकळा, कशाचं टेन्शन घेत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. तो बिनधास्त वगैरे काही नसतो. त्याच्या वाट्याची काळजी दुसरं कुणीतरी करणार आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो निवांत असतो. आणि ते 'दुसरं कुणीतरी' म्हणजे बहुतेक वेळा घरातली अशी व्यक्ती, जिला शहर बदलायचं की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं. बायको, शाळेत जाणारं मूल, म्हातारी आई.

मी हे हवेत बोलत नाहीये. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आमगाव, चंद्रपूर, नागपूर आणि परत गोंदिया अशी चार बिऱ्हाडं झाली. येत्या जूनमध्ये पाचवं, पुण्याला. नवऱ्याची नोकरीच फिरतीची, त्याला इलाज नाही. पण चार वेळा घर उचलून मांडल्यावर मला थोडंफार बोलायचा अधिकार नक्कीच आहे.

आता बाजारात 'घर बदलताना काय काय करावं' याच्या याद्या मिळतात. सामान हलवणाऱ्या कंपन्याच त्या देतात. आठ आठवडे आधी नको असलेलं सामान काढा. चार आठवडे आधी खोकी आणा. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळा, खोक्यांवर नावं लिहा. या याद्या वाईट नाहीत, पण त्या ट्रकच्या सोयीच्या आहेत. त्यात कपाटाला जागा आहे, सासूबाईंना नाही. फ्रीज किती तास आधी बंद करावा हे लिहिलेलं असतं, मुलाला कधी सांगावं हे नाही. आणि आपण ती यादी पूर्ण केली की आपलं नियोजन झालं असं समजतो. ट्रक वेळेवर निघाला म्हणजे घर हललं, असं होत नाही हो. सामान दोन-तीन दिवसांत पोचतं. माणसं पोचायला वर्ष लागतं.

मुलांपासून सुरुवात करते.

आम्ही नागपूरला गेलो तेव्हा मुलगा दुसरीत होता. शाळा सोडल्याचा दाखला 'मागाहून आणू' असं ठरलं. (कुणी ठरवलं ते सांगत नाही, तो हे वाचतो.) तिथल्या एका शाळेने दाखल्याशिवाय वर्गात बसवायला नकार दिला. जुन्या शाळेचा बाबू रजेवर. मूल तीन आठवडे घरी. आणि तीन आठवडे घरी म्हणजे कुणाबरोबर घरी? नवरा तर नव्या ऑफिसात 'सेटल' होत होता.

मला तेव्हा जे कुणी सांगितलं नाही ते इथे लिहून ठेवते. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम ५ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की शाळा बदलायची असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हा हक्क आहे. पण हक्क असतो कागदावर, आणि आपण उभे असतो काउंटरवर. कायदा दाखवून भांडण्यापेक्षा एप्रिलमध्येच शाळेत जाऊन अर्ज दिला तर भांडायची वेळच येत नाही. शिवाय आता मुलाची नोंद शाळांच्या ऑनलाइन प्रणालीतही असते. तीही जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे जावी लागते. त्यामुळे जुन्या शाळेत ओळखीचं माणूस आहे तोवर हे काम उरकावं.

आणखी एक गंमत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होतात. पुण्यात जूनच्या मध्यावर घंटा वाजते, आमच्याकडे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. इथलं कॅलेंडर डोक्यात ठेवून "जूनच्या शेवटी जाऊ, तेव्हाच शाळा उघडतात" म्हणणारे मी पाहिले आहेत. त्यांचं मूल तिथे पोचतं तेव्हा वर्गात सगळ्यांची गट्टी जमलेली असते, बाकावरच्या जागा ठरलेल्या असतात. आधीच बोलण्याची ढब वेगळी, त्यात 'धान' म्हटलं की समोरचा म्हणतो 'म्हणजे भात का?', आणि त्यात हा उशीर. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. दहा वर्षांच्या मुलाला विचारा.

दुसरी गोष्ट कागदांची, आणि ही आपल्या भागातल्या लोकांनी नीट वाचावी.

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा अर्ज इथे बसून भरता येईल. तो प्रश्न सुटला. पण पुढे दोन वर्षांनी तिला इंजिनिअरिंग-मेडिकलला जायचं झालं तर जात वैधता प्रमाणपत्र लागणार. आम्ही ओबीसी. दाखला इथला, म्हणजे पडताळणीही इथल्या जिल्हा समितीकडे. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा, कोतवाल बुकाची नक्कल काढा, जमिनीचे जुने कागद काढा. गोंदिया जिल्हाच मुळी १ मे १९९९ ला झाला, त्याआधी सगळं भंडारा. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदाचा माग भंडाऱ्यापर्यंतही जातो.

हे सगळं पुण्यात बसून करायचं? ऐन परीक्षेच्या वर्षात? दर खेपेला जवळजवळ अख्खा दिवस गाडीत घालवून? आपल्या गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, साडेतेराशेच्या आसपास किलोमीटर, पुणे तिच्या वाटेवर. सकाळी इथून बसलेला माणूस पुण्यात उतरतो तो दुसऱ्या दिवशी. एका नकलेसाठी असे दोन-तीन फेरे घातले की 'गेल्यावर पाहू'ची खरी किंमत कळते. आणि फेरे घालणार कोण? ज्याला रजा मिळते तो. म्हणजे ज्याच्या कामाला घरात काम म्हणत नाहीत ती.

"अहो, आता सगळं मोबाइलवर होतं," असं मला लगेच सांगतात. होतं ना. आधारचा पत्ता, मतदार यादीतला बदल, गाडीच्या कागदांवरचा पत्ता, सगळं होतं. (गाडीचा पत्ता तीस दिवसांत कळवायचा असतो, हे किती जणांना माहीत आहे? नंबर मात्र बदलायला नको, राज्य एकच आहे. एमएच ३५ घेऊन पुण्यात खुशाल फिरा, "हे कुठलं हो?" या प्रश्नाला उत्तर देत.) पण मोबाइलवर होतं म्हणजे कुणाच्या मोबाइलवर? ओटीपी येतो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा असतो मीटिंगमध्ये. सासूबाईंच्या आधारला जोडलेला नंबर कुठल्या तरी जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद पडलेलं. मी घरी बसून दहा कामं ऑनलाइन करू शकते, फक्त एकही पूर्ण करू शकत नाही. घर हलवण्याच्या तयारीत मी पहिलं कलम हेच लिहीन. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला त्याचा स्वतःचा, चालू असलेला नंबर जोडा. सामान बांधायच्या आधी.

गॅसचंही तसंच. इथल्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफरचा कागद घेतला, तर नव्या गावात कनेक्शन मिळायला त्रास होत नाही. तो कागद न घेता शेजाऱ्याला सिलिंडर देऊन निघालेलं एक कुटुंब मला माहीत आहे. पुण्यात महिनाभर इंडक्शनच्या एका शेगडीवर पाच माणसांचा स्वयंपाक झाला. साहेब अजून ती गोष्ट विनोद म्हणून सांगतात. बाई हसत नाहीत.

भाड्याच्या घराचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं मानायचं, असंही कायदा म्हणतो. तरीही घाईत गेलेला माणूस साध्या स्टॅम्प पेपरवर सही करून मोकळा होतो, आणि मग पत्त्याचा पुरावा म्हणून तो कागद कुठेच चालत नाही. आज पोचलो, उद्या सामान येणार, आजच घर पाहिजे, अशा माणसाला घरमालक काय वाटेल ते सांगू शकतो. आपली घाई ही समोरच्याची कमाई असते.

आता सगळ्यात अवघड भाग. म्हातारी माणसं.

माझ्या सासूबाई सडक अर्जुनी तालुक्यात गावी राहतात. तीन एकर धानाची शेती. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलैत रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी, मग आधारभूत केंद्रावर धान नेणं. आम्ही गोंदियात आहोत तोवर नवरा शनिवार-रविवार गावी जाऊन येतो. पुण्याहून कोण येणार?

आणि इथे फक्त मायेचा प्रश्न नाही, व्यवहाराचाही आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतात आपण काय पेरलं ते शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल तर हमीभावाने विकताना अडचण. सत्तरी ओलांडलेल्या बाईने हे करावं अशी आपली अपेक्षा आहे का? आजवर ते काम मुलगा करत होता. तो पुण्याला निघाला तर ते कोण करेल, शेत ठेक्याने द्यायचं का, दिलं तर कुणाला, पैसे कुणाच्या खात्यात, हे सगळं आधी ठरायला नको? की हेही गेल्यावर पाहू?

सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "तुमी जा वं माय. इथले पऱ्हे कोन टाकन?" लोक हे ऐकतात आणि म्हणतात, "बघा, त्यांचीच यायची इच्छा नाही." मला याचा फार राग येतो. जूनच्या तोंडावर, पऱ्ह्यांच्या आठ दिवस आधी विचारल्यावर शेतकरी बाई दुसरं काय उत्तर देईल? तो नकार नसतो. तिला विचार करायला वेळच दिलेला नसतो. तिला दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, निवांत बसून विचारा. दोन महिने येऊन राहायचं का? हिवाळ्यात यायचं का? इथे शेजारी कोण बघेल? बीपीच्या गोळ्या कोण आणून देईल? तुमची फाइल कुठे आहे? मग बघा उत्तर काय येतं. कदाचित तेच येईल. पण मग ते तिचं उत्तर असेल.

रेशनकार्डाचा एक मुद्दा यातच सांगून टाकते. बरेच जण शहर सोडताना कार्डावरून नाव कमी करायच्या मागे लागतात. आता 'एक देश एक रेशनकार्ड' आहे. २०१९ ला काही राज्यांत सुरू झालं आणि २०२२ पर्यंत सगळ्या देशात पोचलं. ज्यांना धान्य मिळतं त्यांना अंगठा लावून दुसऱ्या गावच्या दुकानातून आपला वाटा उचलता येतो, आणि मागे राहिलेल्या माणसाला आपला वाटा गावातच मिळतो. ज्या घरात दोघं शहरात आणि म्हातारी गावात, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

आता मला येणारे दोन आक्षेप.

पहिला आक्षेप जुन्या लोकांचा. "आम्ही एक पेटी आणि एक होल्डॉल घेऊन निघत होतो. कुठलं आलं तुमचं नियोजन!" माझे बाबा वनखात्यात होते. देवरी, सालेकसा, नवेगाव, सगळीकडे फिरले. तेही अगदी हेच सांगतात. एकदा मी आईला वेगळं विचारलं. आई म्हणाली, "देवरीला पोचलो तेव्हा रात्र झाली होती, तू कडेवर, चुलीला लाकूड नाही. शेजारच्या गार्डाच्या बायकोने लाकूड दिलं आणि भाकरीही." बाबांच्या आठवणीत पेटी आहे. आईच्या आठवणीत लाकूड आहे. शिवाय तेव्हा पुढच्या गावी क्वार्टर ठरलेलं असे, हाताखाली माणूस असे, म्हातारी माणसं गावी भावांच्या घरात असत. नियोजन तेव्हाही होतं, ते खात्याने आणि एकत्र कुटुंबाने करून ठेवलेलं असे. आज पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर कुठल्या गार्डाची बायको लाकूड घेऊन येणार आहे?

दुसरा आक्षेप खरा आहे, तो मी मान्य करते. "बदलीचा हुकूम पंधरा दिवस आधी हातात पडतो. वर्षभर आधी काय डोंबल नियोजन करायचं?" बरोबर आहे. पण मग घर एकदम का हलवायचं? ज्याची बदली त्याने आधी जावं. खोली घेऊन राहावं, दोन महिने डबा लावावा. त्याला तिथली शाळा, पाणी, दवाखाना कळू दे. मुलांचं वर्ष इथे संपू दे. मग बिऱ्हाड जावं. दोन ठिकाणचा खर्च होतो, मान्य. सगळ्यांना ते परवडत नाही, हेही मान्य. पण परवडतं त्यांच्याकडेही हे होत नाही, कारण साहेबांना तिथे जेवणाची आबाळ सोसवत नाही. म्हणून मुलाचं वर्ष मोडायचं!

आणि ज्यांना खरंच वेळ मिळाला नाही, अशी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, १९७२ पासूनची. त्याच तालुक्यात गौरनगर, अरुणनगर ही बंगाली गावं आहेत, पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्यांची. डोंगरातल्या थंडीतून आलेली माणसं आमच्या पंचेचाळीस अंशाच्या उन्हात येऊन राहिली. नद्यांच्या मुलखातली माणसं तलावांच्या मुलखात आली. भाषा वेगळी, अन्न वेगळं, परत जायची सोय नाही. २०२० च्या टाळेबंदीत देवरीच्या महामार्गावरून छत्तीसगडकडे चालत निघालेले मजूर तर आपण सगळ्यांनी पाहिले, डोक्यावर बोचकं, हाताला मूल. त्यांना कुणी विचारायला वेळ दिला नव्हता की पुढे काय करशील. 'गेल्यावर पाहू' म्हणणं त्यांना भाग होतं, कारण दुसरं काही हातातच नव्हतं.

आपल्या हातात वर्ष असतं. पगार असतो, फोन असतो, ओळखी असतात. आणि तरी आपण त्यांच्यासारखं निघतो, हौसेने. याला मी बिनधास्तपणा म्हणणार नाही. आहे ती सवड वाया घालवणं आहे हे.

नुसती तक्रार केली असं नको, म्हणून आमच्या घरी काय ठरलंय तेही सांगते. यंदा मी अटच घातली होती, जून गाठायचा असेल तर आधीच्या जूनमध्ये बैठक. बसलो. सगळे, मुलांसकट. मुलाने विचारलं, "माझी सायकल येणार का?" हा त्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न होता आणि तो यादीत पहिलाच लिहिला. जुने कागद गोळा करायचं काम पावसाळ्यात सुरू केलं. सगळ्यांचे फोन नंबर आधारला जोडले. दिवाळीनंतर, धान आल्यावर, सासूबाईंशी बोलायचं. जानेवारीत नवऱ्याने एकटं पुण्याला जाऊन दोन-तीन भाग बघायचे, आणि घर बघताना नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायचं. (फोटो काढून आणला की झालं, असं चालणार नाही.) एप्रिलमध्ये शाळेत दाखल्याचा अर्ज. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. तेव्हा जून पहिल्या आठवड्याची तिकिटं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ट्रक पावसाच्या आधी. आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो. भिजलेल्या गाद्या आणि भिजलेला तांदूळ मी एकदा उन्हात वाळत घातलेला आहे, पुन्हा घालणार नाही.

तांदूळ मात्र येणार, हे ठरलेलंच आहे. पुण्यात सगळं मिळतं, हे मला सांगू नका. घरच्या शेतातला तांदूळ मिळत नाही.

या यादीतलं सगळं जमेलच असं नाही. नवऱ्याची ऑर्डर लांबू शकते, शहरही बदलू शकतं, सासूबाई काय म्हणतील मला खरंच माहीत नाही. नियोजन केलं म्हणजे सगळं मनासारखं होतं, असा माझा दावा नाहीच. पण जे चुकेल त्याचा भार कुणा एकाच्या डोक्यावर पडणार नाही, एवढं तरी होईल. आधी सगळ्यांना माहीत असेल तर नंतर सगळे मिळून निस्तरतात.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी ज्यांना पुढच्या उन्हाळ्यात शहर सोडायचं आहे त्यांना एकच विनंती. खोकी, दोऱ्या, ट्रक या गोष्टी दोन महिने आधी ठरल्या तरी चालतात. आज रात्री जेवताना फक्त विषय काढा. आणि सुरुवात घरात जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्यापासून करा. त्याला विचारा, तुला काय काय लागेल?

उत्तर यायला वेळ लागेल. थांबा थोडं.